‘सेवेमुळे’ हा शब्द आपल्या फाइलमध्ये कुठे आहे? : डिसॅबिलिटी पेन्शनच्या दाव्याची वाट

लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या जवानाच्या ट्रंकेत एक जाड फाइल असते. तिच्यात डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा हुकूम म्हणजे पीपीओ असतो, जुन्या पोस्टिंगचे कागद असतात आणि तळाशी कुठेतरी मेडिकल बोर्डाच्या कागदांची एक अंधुक झेरॉक्स असते. डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे अपंगत्वासाठीच्या पेन्शनचा, दावा मंजूर होणार की फेटाळला जाणार, हे बहुतेक वेळा त्या झेरॉक्समधल्या दोन रकान्यांवर ठरते. मात्र ज्याच्या नावाने ते भरलेले असतात, त्याने ते फारच क्वचित वाचलेले असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत माजी सैनिकांची संख्या मोठी आहे आणि तिथे या विषयावर पारावर भरपूर चर्चाही होते. पण ती चर्चा ‘अमक्याला मिळाली, मला का नाही’ या प्रश्नापाशी थांबते. अमक्याला का मिळाली, याचे उत्तर त्याच्या त्या दोन रकान्यांत असते.

पहिला रकाना कारणाचा आहे. जवानाला झालेली इजा किंवा आजार सेवेमुळे उद्भवला आहे काय, किंवा आधीपासून असलेला अथवा अन्य कारणाने जडलेला विकार सेवेच्या परिस्थितीमुळे बळावला आहे काय, याविषयीचे बोर्डाचे मत तिथे लिहिलेले असते. ‘उद्भवला’ किंवा ‘बळावला’ यांपैकी एक जरी मान्य झाले तरी ही अट पूर्ण होते. दोन्ही सिद्ध करण्याची गरज नसते. दुसरा रकाना टक्केवारीचा आहे. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून अधिक असले पाहिजे. या दोन अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच पेन्शनच्या डिसॅबिलिटी घटकाचा हक्क निर्माण होतो. ६० टक्के अपंगत्व आहे पण ते सेवेशी संबंधित नाही, असे मत असेल तर हा घटक मिळत नाही. आणि सेवेशी संबंध मान्य आहे पण टक्केवारी ११ ते १४ आहे, असे असेल तरीही सर्वसाधारणपणे मिळत नाही.

इथे एक गल्लत आधीच दूर करायला हवी. जिल्हा रुग्णालयातून मिळणारे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे कागद आहेत. तिथे लाभांसाठी ४० टक्क्यांची मर्यादा धरली जाते, आणि अपंगत्व कशामुळे आले हे विचारलेच जात नाही. लष्करी पेन्शनचे मोजमाप वेगळे, नियम वेगळे आणि बोर्डही वेगळे. रुग्णालयाचे ४५ टक्क्यांचे प्रमाणपत्र जोडले म्हणून रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, पेन्शन मंजूर करत नाही, आणि लष्करी बोर्डाचे २० टक्के दाखवून एसटीची सवलतही मिळत नाही.

सेवेतून कसे बाहेर पडलात?

दावा लिहायला बसण्याआधी हे स्पष्ट करून घ्यावे. वैद्यकीय कारणामुळे सेवा पुढे चालू ठेवता येत नाही म्हणून मुदतीपूर्वी घरी पाठवले गेले असेल, म्हणजे ज्याला जवान ‘बोर्ड आऊट’ म्हणतात, तर तो इनव्हॅलिडमेंटचा प्रकार होतो. अशा वेळी डिसॅबिलिटी पेन्शनमध्ये सेवेचा घटक आणि अपंगत्वाचा घटक असे दोन्ही मिळतात, आणि सेवेच्या घटकासाठी पंधरा वर्षांच्या पेन्शनपात्र सेवेची अट नसते. याउलट, पूर्ण सेवा करून नियमित निवृत्त झालेल्या, पण निवृत्तीच्या वेळी लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीखालच्या वैद्यकीय श्रेणीत, असलेल्या जवानाला नेहमीची सर्व्हिस पेन्शन मिळतेच. त्याचा दावा तिच्यावर मिळणाऱ्या अपंगत्वाच्या घटकापुरता असतो. स्वतःच्या विनंतीवरून लवकर निवृत्ती घेतलेल्यांना हा घटक पूर्वी नाकारला जात असे. १ जानेवारी २००६ नंतर निवृत्त झालेल्यांसाठी ती आडकाठी संरक्षण मंत्रालयाने २००९ मध्ये दूर केली.

बोर्ड आऊट झालेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा सुखविंदर सिंग खटल्यातला निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या अपंगत्वामुळे सैन्याने माणसाला घरी पाठवले, ते अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच मानले पाहिजे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. नोकरी घालवण्याइतके मोठे असलेले दुखणे पेन्शनच्या वेळी मात्र १५ टक्क्यांचे ठरते, हा विरोधाभास आपल्या फाइलमध्ये असेल तर अपिलात हा निकाल अवश्य नमूद करावा.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अपंगत्व येऊनही सेवेत कायम ठेवलेल्या जवानाला अपंगत्वाच्या घटकाऐवजी एकरकमी भरपाई घेण्याचा पर्याय दिला जातो. ती रक्कम एकदा स्वीकारली की त्याच अपंगत्वासाठी निवृत्तीनंतर दरमहाचा घटक मागता येत नाही. तरुणपणी घर बांधायच्या घाईत केलेली ही सही वीस वर्षांनी आठवते. म्हणून जे अजून सेवेत आहेत त्यांनी तरी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडल्याशिवाय ती करू नये.

कागद सेवेत असतानाच तयार होतात

निवृत्तीनंतर केलेल्या दाव्याचा खरा पाया सेवेतल्या कागदांत असतो, आणि तो नंतर घालता येत नाही. इजा झाली असेल तर सर्वांत मोलाचा कागद म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, जो आयएएफवाय-२००६ या फॉर्मवर लिहिला जातो. इजा कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, काय काम करताना झाली आणि जवान त्या वेळी ड्यूटीवर होता की नाही, याविषयी कमांडिंग ऑफिसरचे मत त्यात असते. इजा गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तिचे निष्कर्षही सोबत राहतात. पीटीच्या वेळी गुडघा मुरगळला, युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, गोळी घेतली आणि कोणी काही लिहिले नाही, अशा प्रकरणात दहा वर्षांनी गुडघ्याचे ऑपरेशन झाले तरी त्या मैदानाशी संबंध जोडायला पुरावाच उरत नाही. म्हणून सेवेतील जवानाने इजेनंतर रिपोर्ट झाला आहे ना आणि त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीत जाणारा युनिटचा आदेश, निघाली आहे ना, हे स्वतः विचारून घ्यावे. ही कुरकूर नव्हे. हा आपला हक्क आहे.

सुटीत झालेल्या इजेविषयी मोठा गैरसमज आहे. सुटीवर असताना जवान तांत्रिकदृष्ट्या सेवेत असतो हे खरे, पण तेवढ्यावरून प्रत्येक अपघात सेवेमुळे झाला असे ठरत नाही. त्या घटनेचा लष्करी कर्तव्याशी काही कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. युनिटमधून सुटीच्या ठिकाणी जाताना किंवा तिथून परत रुजू होताना अधिकृत प्रवासात झालेला अपघात नियमांनुसार ड्यूटीत धरला जातो. गावच्या जत्रेत मोटारसायकल घसरली तर धरला जात नाही. पहिल्या प्रकारात रेल्वे वॉरंट, तिकीट आणि लीव्ह सर्टिफिकेट जपून ठेवले असेल तर दाव्याला बळ मिळते.

शत्रूच्या कारवाईत, अतिरेकीविरोधी कारवाईत किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या मोहिमेत इजा झाली असेल, तर ती बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतली हानी, म्हणून नोंदली गेली आहे का, हे पाहावे. मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने अपंगत्वाच्या प्रकरणांची ए ते ई अशी पाच गटांत विभागणी केली. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेली कारणे, बी म्हणजे सेवेमुळे झालेले आजार, सी म्हणजे ड्यूटीवरचे अपघात, आणि डी व ई या गटांत हिंसक कारवाया व युद्धजन्य प्रसंग येतात. ई गटात नोंद झाली तर अपंगत्वाच्या घटकाऐवजी वॉर इंज्युरी घटक मिळतो, आणि तो बराच मोठा असतो. चुकीच्या गटात पडलेली नोंद दुरुस्त करून घेणे हे टक्केवारी वाढवण्याइतकेच फायद्याचे ठरू शकते.

रिलीज मेडिकल बोर्डाचा दिवस

निवृत्तीच्या काही महिने आधी लो मेडिकल कॅटेगरीतल्या जवानाचा रिलीज मेडिकल बोर्ड होतो. त्याची कार्यवाही एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर नोंदली जाते. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत, असणाऱ्यांची साधी तपासणी एएफएमएसएफ-१८ वर होते, आणि नंतर अपंगत्वाचा दावा करणाऱ्यांची अडचण बहुधा तिथेच सुरू होते. निवृत्तीच्या दिवशी आपण ठणठणीत होतो असा तो सरकारी दाखला असतो. घरी लवकर जायचे म्हणून किंवा पुढे सिक्युरिटीच्या नोकरीत अडथळा नको म्हणून दुखणे लपवून शेप-वन राहणारे जवान मी पाहिले आहेत. त्यांना पुढे मदत करणे फार कठीण जाते.

बोर्डाच्या फॉर्मचा पहिला भाग म्हणजे जवानाचे स्वतःचे निवेदन. कुठे कुठे सेवा केली, त्रास पहिल्यांदा कधी आणि कुठे जाणवला, कोणत्या हॉस्पिटलात दाखल झालात, भरती होण्यापूर्वी हा त्रास होता का, असे प्रश्न त्यात असतात. बाहेर रांग असते, क्लार्क घाई करतो आणि जवान ‘सगळे भरून घ्या साहेब’ म्हणून सही करून मोकळा होतो. असे करू नये. पोस्टिंगची यादी महिना-वर्षासह आधीच कागदावर लिहून न्यावी. सियाचीन, लेह, तवांग, काश्मीर खोरे, ईशान्येकडील राज्ये अशा फील्ड आणि हाय अल्टिट्यूड भागांतल्या सेवेचा उल्लेख सुटू देऊ नये. आजार शांतता क्षेत्रात, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, सापडला असला, तरी त्याआधीची तीन वर्षे कुठे गेली हे बोर्डासमोर आले पाहिजे. ‘भरतीपूर्वी त्रास होता का’ या प्रश्नाला विचार न करता दिलेले ‘हो’ पुढे फार महागात पडते. अर्थात खोटे लिहू नये. पण लहानपणी आलेला साधा ताप आणि आजचा विकार यांची सांगड आपल्याच हाताने घालून देऊ नये.

बोर्डाचे मत फॉर्मच्या पुढच्या भागात येते. प्रत्येक अपंगत्वासमोर ते सेवेमुळे उद्भवले का, सेवेमुळे बळावले का, टक्केवारी किती, ती किती काळासाठी, आणि हे मत का दिले याची कारणे, असे रकाने असतात. दोन-तीन अपंगत्वे असतील तर प्रत्येकाचा वेगळा निर्णय आणि शेवटी एकत्रित टक्केवारी लिहितात. ही एकत्रित टक्केवारी म्हणजे साधी बेरीज नव्हे. आणि त्यातली सेवेशी संबंध मान्य केलेल्या विकारांची टक्केवारी कोणती, तेच पेन्शनसाठी महत्त्वाचे असते. गुडघा २० आणि रक्तदाब ३० असे लिहिले असेल आणि फक्त गुडघा मान्य असेल, तर दावा २० चा आहे.

‘नाना’ म्हणजे काय?

फेटाळलेल्या बहुतेक प्रकरणांत कारणाच्या रकान्यात एनएएनए ही अक्षरे असतात. ती सरळ ‘नाना’ अशी वाचता येतात, पण घरातल्या नानांशी त्यांचा काही संबंध नाही. सेवेमुळे उद्भवलेलाही नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, या इंग्रजी शब्दप्रयोगाची ती आद्याक्षरे आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार, मणक्याचे काही विकार यांच्यापुढे हा शेरा विशेष दिसतो आणि सोबत ‘प्रकृतिजन्य विकार’ किंवा ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ एवढेच एका ओळीचे कारण असते. दाव्याची खरी लढाई या ओळीशी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात जे ठरवले, त्यावर या विषयातले पुढचे असंख्य निकाल उभे आहेत. त्या जवानाला सेवेत फिट्स येऊ लागल्या होत्या आणि बोर्डाने त्या सेवेशी असंबद्ध ठरवल्या होत्या. भरतीच्या वेळी तपासणीत एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर तो जवान निरोगी स्थितीत सैन्यात आला असे गृहीत धरले पाहिजे. पुढे वैद्यकीय कारणाने त्याला सेवा सोडावी लागली, तर प्रकृतीची ही घसरण सेवेमुळे झाली असे मानले पाहिजे. भरतीच्या वेळी तो आजार ओळखता आला नसता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा जवानाला मिळाला पाहिजे. निकालाचा गाभा एवढा आहे. आपल्या बोर्डाच्या कागदात कारण एका ओळीत उरकले असेल, तर ती ओळ जशीच्या तशी अपिलात उतरवून घ्यावी आणि या निकालाप्रमाणे ती पुरेशी का नाही, हे त्याखाली लिहावे.

यात एक सावधगिरी आहे. हा निकाल १९८२ च्या एन्टायटलमेंट, म्हणजे पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या, नियमांच्या आधारे आहे. १ जानेवारी २००८ आणि त्यानंतर सेवा सोडलेल्यांना २००८ चे नियम लागू होतात. त्यांतही दावेदाराने सहसा पुरावा देण्याची गरज नाही असे म्हटले आहे, पण सेवा सोडून पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला तर भार दावेदारावर येतो. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी पुन्हा नवे नियम आले. त्यांत नियमित निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्वाच्या घटकाला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे वेगळे नाव मिळाले आणि आजारांच्या बाबतीत निकष अधिक काटेकोर झाले. माझ्या मते २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांनी जुन्या मित्राच्या अपिलाची नक्कल करून नाव बदलण्याचा मोह टाळलाच पाहिजे. निवृत्तीची तारीख पाहिल्याशिवाय कोणताही मसुदा वापरू नये.

पैशांचा हिशेब आणि ‘राउंडिंग’

१०० टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा घटक शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि त्याखाली टक्केवारीच्या प्रमाणात कमी होतो. एखाद्या हवालदाराचे मूळ वेतन ३९,२०० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये धरले तर बेरीज ४४,४०० होते. तिचे ३० टक्के म्हणजे १३,३२० रुपये. बोर्डाने २० टक्के दिले असतील तर यातला पाचवा हिस्सा, म्हणजे २,६६४ रुपये आणि त्यावर महागाई दिलासा. हा आकडा पाहून ‘एवढ्यासाठी कोण भांडणार’ असे पुष्कळांना वाटते.

पण इथे राउंडिंग, म्हणजे ब्रॉड-बँडिंग येते. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ ते १०० असेल तर १००. वरच्या उदाहरणात २० चे ५० झाले की दरमहा ६,६६० रुपये होतात, आणि महागाई दिलासा वेगळाच. सुरुवातीला हा लाभ फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना दिला जात होता. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात नियमित निवृत्त झालेल्यांनाही तो द्यावा, असे मान्य केले. आपला डिसॅबिलिटी घटक आधीच मंजूर असेल, पण पीपीओमध्ये २० किंवा ३० टक्केच दिसत असतील, तर आपला दावा मूळ पेन्शनचा नसून फक्त राउंडिंगचा आहे. तो तुलनेने सोपा असतो, कारण सेवेशी संबंध आणि टक्केवारी हे दोन्ही मुद्दे आधीच आपल्या बाजूने मिटलेले असतात.

वॉर इंज्युरी घटकाचा दर याहून मोठा आहे. १०० टक्क्यांसाठी बोर्ड आऊट झालेल्याला शेवटच्या वेतनाइतका आणि नियमित निवृत्त झालेल्याला त्याच्या ६० टक्के. १०० टक्के अपंगत्व असून कायम मदतनिसाची गरज आहे असे बोर्डाने म्हटले असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो. १ जुलै २०१७ पासून त्याचा दर दरमहा ६,७५० रुपये ठरला. तो आपोआप सुरू होत नाही, बोर्डाची शिफारस लागते.

फेटाळल्याचे पत्र आल्यावर

आधी पत्राची तारीख पाहावी आणि पाकीटही फेकू नये. पहिले अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचे असते. ते फेटाळले गेले तर दुसऱ्या अपिलासाठीही तेवढाच काळ असतो. मुदत उलटली असेल तरी उशिराचे खरे कारण लिहून अपील करावे. ते स्वीकारले जाईलच असे नाही, पण पुढे न्यायाधिकरणात जाताना आपण सगळे दरवाजे ठोठावले होते हे दाखवता येते.

अपील लिहिण्याआधी कागद मिळवावे लागतात. फाइलमधली झेरॉक्स वाचता येत नसेल किंवा नसेलच, तर माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्कासह आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा आणि रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, कॅटेगरी बदलतानाच्या आधीच्या बोर्डांचे कागद, इंज्युरी रिपोर्ट, आणि दावा फेटाळताना केलेली टिप्पणी अशी नावे घेऊन प्रती मागाव्यात. ‘माझे सर्व मेडिकल कागद द्यावेत’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते. हे कागद आपल्या स्वतःच्या शरीराविषयीचे आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या खासगीपणाची सबब इथे चालत नाही. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. रेकॉर्ड ऑफिस कोणते, हे कोअर किंवा रेजिमेंटवर ठरते: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिकला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला. पत्रावर आर्मी नंबर, रँक आणि पीपीओ क्रमांक ठळक लिहिला नाही, तर ते टेबलाटेबलांवर फिरत राहते.

अपिलाची भाषा साधी असावी. पहिल्या परिच्छेदात सेवेचा तपशील, दुसऱ्यात आजार किंवा इजा पहिल्यांदा केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत जाणवली, तिसऱ्यात फेटाळण्याचे कारण जसेच्या तसे आणि त्यानंतर त्या कारणाला कागदाच्या पान क्रमांकासह उत्तर, एवढी मांडणी पुरते. देशसेवेची वर्णने, घरची गरिबी, मुलीचे लग्न हे सगळे खरे असले तरी अपिलाचा निर्णय त्यावर होत नाही. एका माजी नाईकाचे चार पानांचे अपील मी वाचले होते. त्यात कारगिलचा बर्फ होता, आईचे आजारपण होते, पण ‘भरतीच्या वेळी मला हा विकार नव्हता, अहवालाचे पान जोडले आहे’ हे वाक्य नव्हते. दुसऱ्या वेळी दीड पान झाले आणि ते वाक्य सर्वांत आधी आले.

टक्केवारीच कमी लागली असेल किंवा निवृत्तीनंतर दुखणे वाढले असेल, तर अपिलात नव्या वैद्यकीय तपासणीची मागणी करावी. नुसती नाराजी पुरत नाही. लष्करी हॉस्पिटल किंवा ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॅनेलवरील रुग्णालयातील अलीकडचे अहवाल सोबत असावेत.

सशस्त्र दल न्यायाधिकरण

अपिले संपली, किंवा अपील करून सहा महिने झाले तरी उत्तरच आले नाही, की सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा, म्हणजे एएफटीचा मार्ग मोकळा होतो. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो आणि उशीर झाल्यास माफीचा वेगळा अर्ज जोडता येतो. पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो, म्हणून वीस वर्षांनी गेलेला माणूसही हक्काला मुकत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे बऱ्याच प्रकरणांत थकबाकी मात्र अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली जाते. म्हणजे ‘निवांत बघू’ म्हणत घालवलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत ठरलेली आहे.

अर्ज स्वतःही मांडता येतो, तरी वकील असलेला बरा, असे माझे मत आहे. फी आधी लेखी ठरवावी. थकबाकीतला निम्मा वाटा मागणारे मध्यस्थ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. त्यांच्यापैकी कोणी ‘दिल्लीत ओळख आहे’ म्हणाला की तिथेच उठावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहिण्यासाठी मोफत मदत मिळते, आणि राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रे उभी करण्याचे काम हाती घेतले आहे. आदेश आपल्या बाजूने लागूनही ठरलेल्या मुदतीत अंमल झाला नाही, तर त्याच खंडपीठाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. आदेशाची प्रत कपाटात ठेवून वाट पाहणारे लोक आहेत. वाट पाहून पैसे येत नाहीत.

अग्निवीरांची वाट मात्र निराळी आहे. त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन लागू नाही. अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा बळावलेले ठरले तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांसाठी अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपयांची एकरकमी मदत आहे. रकमा मोठ्या दिसल्या तरी दरमहाचा हक्क नाही, आणि पुन्हा सगळे त्याच कारणाच्या रकान्यावर येऊन थांबते. म्हणून इंज्युरी रिपोर्टविषयी वर लिहिलेले सर्व त्यांनाही तितकेच लागू आहे.

मंजुरीनंतरचे काम

मंजुरी झाली की नवा किंवा दुरुस्तीचा पीपीओ निघतो आणि तो आता स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. तो उघडून चार गोष्टी पडताळाव्यात: घटक कोणत्या तारखेपासून सुरू झाला, टक्केवारी राउंडिंग करून लिहिली आहे का, मुदत आजन्म आहे की ठरावीक वर्षांची, आणि शेवटचे वेतन बरोबर धरले आहे का. मुदत ठरावीक असेल तर पुढच्या बोर्डाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. थकबाकी जमा झाल्यावर महिनावार तक्ता करून बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहावी. महागाई दिलासा थकबाकीवर लावलेला नसणे ही सहज निसटणारी चूक आहे, आणि तिची तक्रार त्याच पोर्टलवर करता येते. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकला तर पेन्शन थांबू शकते, आणि तिच्यासोबत हा नवा घटकही. फाइल कुठे ठेवली आहे आणि स्पर्शचा पासवर्ड काय आहे, हे घरात आणखी एका माणसाला, शक्यतो पत्नीला, माहीत असावे. पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर राहिलेली थकबाकी वारसांना मिळते, पण ती मागण्यासाठी लागणारे सगळे कागद त्या एका फाइलमध्येच असतात.